नाकाने चाखलेली रम

रमवर बोलायचं ठरलं तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला, "तुम्ही?" प्रश्न रास्त आहे. मी मुसलमान, आणि दारू आयुष्यात जिभेला लावलेली नाही. तरी या विषयावर माझा थोडा हक्क आहे, तो शब्दांमुळे. 'अल्कोहोल' हा शब्द अरबी 'अल-कुह्ल'वरून आला. कुह्ल म्हणजे सुरमा, आमची दादी डोळ्यांत घालायची तो. आधी बारीक पूड, मग कुठल्याही पदार्थाचं सत्त्व आणि शेवटी मद्यार्क, असा तो युरोपात अर्थ बदलत गेला. ऊर्ध्वपातनाच्या भांड्याला 'अलेंबिक' म्हणतात, ते नावही अरबी 'अल-अंबीक'मधूनच युरोपात गेलं. आणि साखर? आपली शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर. ऊसही त्याच वाटेनं पश्चिमेकडे सरकला आणि १४९३ साली कोलंबसाने दुसऱ्या सफरीत तो कॅरिबियन बेटांवर नेला. राबणारी माणसं तेवढी कमी होती. ती आफ्रिकेतून गुलाम करून नेली गेली.

माझा एक मित्र बरीच वर्षं बोटीवर होता. निवृत्त झाल्यावर त्याने एकदा जपून ठेवलेल्या छोट्या बाटल्या काढून चार पेले मांडले. तो चाखणार, मी हुंगणार, असा करार झाला. हुंगणं हे काही दुय्यम काम नव्हे. कोणत्या पिंपातली रम कशात मिसळायची हे ठरवणारे जाणकार बरंचसं काम नाकानेच करतात. जमैकाच्या ॲपल्टन इस्टेटमध्ये १९९७ साली हे पद जॉय स्पेन्स यांच्याकडे आलं. मद्याच्या धंद्यात त्या जागेवर बसलेली ही पहिली बाई मानली जाते. त्या मूळच्या रसायनशास्त्राच्या.

पहिला पेला बार्बाडोसचा, माउंट गेचा. या भट्टीचा सर्वांत जुना कागद १७०३ सालचा आहे. वास सभ्य, थोडा व्हॅनिलाचा, थोडा सुक्या खोबऱ्याचा. तो येतो ओकच्या पिंपांमधून. ही पिंपं आधी अमेरिकेत व्हिस्कीसाठी वापरलेली असतात. उष्ण हवेमुळे पिंपातली रम दरवर्षी बरीच उडून जाते. त्या तुटीला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. देवदूत कोणत्या धर्माचे, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही. मित्र या पेल्यावर खूश झाला. मला तो पाहुण्यांसमोर नीट बसलेल्या मुलासारखा वाटला.

दुसरा पेला जमैकाच्या हॅम्पडेनचा. नाक जवळ नेलं आणि मागे घेतलं. अतिपिकलेला फणस, काळी पडलेली केळी आणि मागून रंगाच्या डब्याचा झणका! आपल्याकडे साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी आंबवतात, ऊर्ध्वपातन करतात आणि खाली उरलेलं सांडपाणी ही सगळ्यांची डोकेदुखी असते. हॅम्पडेनमध्ये ते उरलेलं पाणी जपून ठेवतात. त्याला 'डंडर' म्हणतात. ते पुढच्या घाण्यात घालतात, बाहेरचं यीस्ट न घालता हवेतल्याच जंतूंवर मळी कित्येक दिवस आंबू देतात. त्यातून एस्टर तयार होतात, म्हणजे फळांना वास देणारी रसायनं. शंभर लिटर शुद्ध अल्कोहोलमागे १६०० ग्रॅमपर्यंत एस्टर असलेली रम तिथे निघते. एवढी उग्र रम प्यायची कुणी? तर ती नुसती प्यायची नव्हतीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीने बाहेरच्या रमवर जबर कर बसवला. तेव्हा व्यापाऱ्यांनी हिशेब केला, की थोडीशीच रम मागवायची, पण अशी की साध्या स्पिरिटच्या पिंपात ओतली तरी सगळ्या पिंपाला वास यावा. आज शौकीन ज्या चवीसाठी दाम मोजतात, ती कर चुकवण्याच्या युक्तीनं वाढवलेली आहे. मला हा पेला आवडला. खोटं कशाला सांगू, अत्तराच्या दुकानात गेल्यासारखं वाटलं.

तिसरा मार्टिनिकचा. हुंगताक्षणी रसवंतीच्या दारात उभा राहिलो. हिरवा, ओला, नुकत्याच पिळलेल्या उसाचा वास. कारण ही रम मळीची नाहीच, थेट रसाची. एकोणिसाव्या शतकात युरोपात बीटाची साखर आली, उसाच्या साखरेचा भाव कोसळला, तेव्हा साखर न करता रसच आंबवणं परवडू लागलं. आज त्या पद्धतीला कायद्याचं संरक्षण आहे. १९९६ पासून फ्रान्सने मार्टिनिकच्या रमला, वाइनला देतात तसा प्रदेशाचा हक्क दिला आहे. त्या बेटाचं रमचं मोठं गाव सें-पियेर. ८ मे १९०२ रोजी पेले ज्वालामुखीने ते काही मिनिटांत जाळून टाकलं. व्हिक्टर देपाझ शिक्षणासाठी फ्रान्सला होते म्हणून वाचले, घरातलं बाकी कुणी उरलं नाही. त्यांनी परत येऊन १९१७ मध्ये त्याच डोंगराखाली पुन्हा भट्टी उभी केली.

चौथा पेला गयानाचा, पंधरा वर्षांच्या एल डोराडोचा. गयाना बेट नाही, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा देश आहे, पण मनाने कॅरिबियन. काकवी, ज्येष्ठमध, मनुका आणि भिजलेल्या जुन्या लाकडाचा वास. लाकूड नुसतं पिंपाचं नाही, ऊर्ध्वपातनाची यंत्रंच तिथे ग्रीनहार्ट नावाच्या लाकडाची आहेत. पूर्वी मळ्यामळ्यावर भट्टी होती. मळे बंद पडत गेले तशी यंत्रं हलवत हलवत डायमंड या एकाच ठिकाणी आली. मळ्यांची नावं यंत्रांना चिकटून राहिली : पोर्ट मोरंट, व्हर्साय, एन्मोर. मित्राने विचारलं, चारांत सरस कोणती? नाकाच्या हिशेबाने हीच.

पण ही नावं मला आधीपासून ठाऊक होती. ५ मे १८३८ रोजी हिंदुस्थानातून गिरमिटिया मजुरांची पहिली जहाजं तिथे लागली. १९१७ पर्यंत सुमारे २ लाख ३९ हजार माणसं गेली, बहुतेक भोजपुरी आणि अवधी मुलखातली. पोर्ट मोरंटच्या मळ्यावर छेदी जगन जन्मले, पुढे देशाचे अध्यक्ष झाले. रोहन कन्हाय तिथलाच. सुनील गावसकरांनी मुलाचं नाव रोहन ठेवलं ते त्याच्यावरून.

आणि एन्मोर. १६ जून १९४८ रोजी तिथल्या संपावर गेलेल्या ऊसमजुरांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण मेले. ललाबागी, पूरन, रामबरन, हॅरी आणि दुखी. अंत्ययात्रा पायी जॉर्जटाउनपर्यंत गेली, पुढे जगन होते. गयानात तो दिवस अजून पाळतात. मित्राच्या वहीत एन्मोरसमोर 'जळकी साखर, सुकी फळं, शेवट लांब' असं लिहिलेलं होतं. ते चूक नाही, वास तसाच आहे. मी त्याला नावं सांगितली. 'दुखी' ऐकल्यावर तो म्हणाला, हे टोपणनाव असेल. होतंच, खरं नाव सूरजबली.

एन्मोरचा साखर कारखाना २०१७ मध्ये बंद झाला. तिथलं १८८० सालचं लाकडी यंत्र डायमंडमध्ये चालू आहे. फळ्या कुजल्या की बदलतात.