वीज केंद्रातली दाबाची हवा

भिवंडीजवळच्या वडप्याहून जाणारा महामार्ग आपल्याला नाशिकला नेतो. तिथं जवळच, एकलहरे इथं महानिर्मितीचं औष्णिक वीज केंद्र आहे. कोळसा, पाणी आणि वाफ यांचं काम सर्वांना ठाऊक असतं. पण अशा केंद्राला दाबाखालची हवाही अखंड लागते.

कॉम्प्रेसर बाहेरची हवा फिल्टरमधून ओढतो आणि वातावरणाच्या सात-आठ पट दाबापर्यंत दाबतो. दाबताना हवा तापते, म्हणून ती कूलरमध्ये गार करतात. गार होताना तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं, ते काढून टाकतात. मग हवा रिसीव्हर नावाच्या टाकीत साठते.

साफसफाईला किंवा हत्यारं चालवायला एवढी हवा पुरते. मात्र वाफेचा आणि पाण्याचा प्रवाह कमीजास्त करणाऱ्या व्हॉल्व्हना अगदी कोरडी हवा हवी. त्यासाठी ती ड्रायरमधल्या ॲल्युमिनाच्या गोळ्यांमधून नेतात. ओलावा राहिला, तर नळ्या गंजतात, बारीक छिद्रं तुंबतात आणि व्हॉल्व्ह अडकतो. पावसाळ्यात हवा दमट, म्हणून तेव्हा जास्त दक्षता.

हवेचा दाब गेलाच, तर? अशा बहुतेक व्हॉल्व्हमधली स्प्रिंग त्याला आधीच ठरवलेल्या सुरक्षित स्थितीत नेते. कुठे पूर्ण उघडा, कुठे पूर्ण बंद.

ही हवा तयार करायला वीजच खर्च होते. म्हणून भिवंडी परिसरातल्या कारखानदारांनो, तुमच्याकडे कॉम्प्रेसर असेल, तर सुट्टीच्या दिवशी हवा वापरणारी यंत्रं बंद, पण नळ्यांत हवेचा दाब असताना नळ्यांच्या जोडांना साबणाचं पाणी लावून पाहा. बुडबुडे दिसले, तर ती गळती लगेच बंद करा.