मॅच बघताना मोठ्याने ओरडावे!

(रौप्यमहोत्सवी क्रीडा सप्ताहाच्या उद्घाटनाच्या वेळी केलेले भाषण. छापण्यासाठी थोडे नीटनेटके केले आहे.)



मला ‘ज्येष्ठांचे मानसिक आरोग्य’ या विषयावर दहा मिनिटे बोलायला सांगितले आहे. या विषयावरचे ज्ञान आपल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी सहापासून फुकट मिळतेच. कोमट पाणी प्या, ध्यान करा, अपेक्षा ठेवू नका. मी त्यात भर घालणार नाही. मी एकच उपाय सांगणार आहे आणि तो मी स्वतः पन्नास वर्षे वापरला आहे. सामना बघायला जा आणि बेंबीच्या देठापासून ओरडा.

हसू नका. मी मनापासून सांगतोय.

मी १९७३ साली बँकेत लागलो. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, लेजर होते. हाफ-इयर्ली क्लोजिंगला रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत आम्ही बॅलन्सिंग करत बसायचो. बत्तीस पैशांचा फरक असला तरी घरी जायची सोय नाही. दिवसा काउंटरवर ग्राहक ओरडणार, केबिनमध्ये साहेब ओरडणार, आणि आपण मात्र “हो सर, बघतो सर” म्हणायचे. पुढे अधिकारी झालो तेव्हा वसुलीचे काम आले. तिथे तर जीभ दाताखाली धरूनच बसावे लागते. दिवसभरात गिळलेले शब्द कुठे जातात? माझ्या बाबतीत ते मानेत आणि खांद्यात जाऊन बसायचे. डॉक्टर म्हणायचे स्पॉन्डिलायटिस, आमची ही म्हणायची स्वभाव.

त्यावर औषध सापडले ते कबड्डीच्या मैदानावर. त्या काळी बँकांचे स्वतःचे संघ होते. खेळाडूंना नोकऱ्या मिळत. प्रभादेवी, लालबाग, नायगाव या भागात थंडीच्या दिवसांत रात्री दिव्यांच्या उजेडात सामने चालायचे. तांबडी माती, बांबूच्या गॅलऱ्या आणि गिरणीची पाळी संपवून थेट आलेला प्रेक्षक. आजच्या मुलांना प्रो कबड्डी माहीत आहे, ती २०१४ साली सुरू झाली. तिथे ए.सी. स्टेडियम आणि मॅट असते. चांगलेच आहे. पण त्या मातीवर खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यात फक्त चुन्याची रेघ आणि चार हात जागा असायची. चढाईला गेलेल्याचा दम आपल्याला ऐकू यायचा. तो बोनसच्या रेषेशी पाय टाकायचा आणि इकडे आमचा श्वास अडकायचा. मग पकड झाली, की दोन हजार माणसांच्या छातीतून एकदम जे काही बाहेर पडायचे, त्याला मी ओरडणेसुद्धा म्हणणार नाही. अख्ख्या वस्तीने टाकलेला तो एक उच्छ्वास असायचा.

आमच्या शाखेत एक हेड कॅशियर होते. इतके हळू बोलायचे की नोटा मोजण्याच्या आवाजात त्यांचे बोलणे बुडून जायचे. घरी आजारी आई, दोन बहिणींची लग्ने व्हायची, डोक्यावर सोसायटीचे कर्ज. हा गृहस्थ आमच्या संघाच्या सामन्याला आला की खुर्चीवर उभा राहायचा आणि “धर त्याला, कोपरा सांभाळ!” असा आवाज लावायचा, की समोरचा चढाईवाला वळून बघायचा. दुसऱ्या दिवशी घसा बसलेला आणि चेहरा धुतल्यासारखा. सकाळी कॅश उघडताना ते गुणगुणायचे. आम्ही म्हणायचो, कॅशियरांचा बॅलन्स काल रात्रीच टॅली झाला.

असे का होत असेल, याचा मी माझ्या परीने शोध घेतला. ताण आला की शरीर मारामारीची किंवा पळून जाण्याची तयारी करते. ठोके वाढतात, स्नायू आवळतात, श्वास वरच्यावर होतो. बँकेत मारामारी करता येत नाही आणि पळूनही जाता येत नाही. तयारी मात्र तशीच राहते. सामन्यात आपण उठतो, हात उंचावतो, टाळ्या पिटतो आणि लांबलचक श्वास बाहेर सोडतो. आरोळी म्हणजे दुसरे काय? मोठा श्वास आत, आणि त्याहून मोठा बाहेर. प्राणायामाच्या वर्गात उच्छ्वास लांबवायला शिकवतात, त्याने ठोके संथ होतात. वानखेडेवर “सचिऽऽन, सचिन” करणाऱ्यांना ते कोणी शिकवले नव्हते.

दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. आपण एकटे ओरडत नाही. २ एप्रिल २०११ च्या रात्री धोनीने षटकार मारला तेव्हा, जे स्टेडियममध्ये नव्हते तेही आपापल्या गॅलरीत येऊन ओरडलेच ना? आपल्या सोसायटीत त्या रात्री ए विंगने आरोळी दिली आणि सी विंगने उत्तर दिले. पार्किंगवरून ज्यांचे बोलणे बंद होते ते दोघे गेटवर एकमेकांना मिठ्या मारत होते. (पार्किंगचा वाद पुढे मे महिन्यात पुन्हा सुरू झाला, ती गोष्ट वेगळी.)

आता एक इशारा. ओरडल्याने राग निघून जातो, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. २००२ साली ब्रॅड बुशमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने प्रयोग केला. चिडलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना, ज्याने चिडवले त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले. त्यांचा राग उतरला नाही, उलट जे नुसते शांत बसले होते त्यांच्यापेक्षा तो जास्त भरला. म्हणजे बघा, कोणावर तरी ओरडणे आणि कोणासाठी तरी ओरडणे यांत फरक आहे. अंपायरच्या आईबहिणीचा उद्धार करणारा माणूस घरी जाताना आणखी तापलेला असतो. १३ मार्च १९९६ आठवतो? ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपांत्य सामना. आपले आठ गडी १२० वर बाद झाले, लोकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या, आणि क्लाइव्ह लॉइडनी सामना श्रीलंकेला देऊन टाकला. त्या गर्दीतला एक तरी माणूस हलका होऊन घरी गेला असेल का? हुर्यो उडवण्यात सुख आहे असे वाटते, पण ते घरापर्यंत टिकत नाही.

दुसरा इशारा माझ्या वयाच्या मंडळींना. २००६ चा फुटबॉल विश्वचषक जर्मनीत झाला. म्युनिक परिसरातल्या डॉक्टरांनी नोंदी काढल्या, तर जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी हृदयविकाराचे तातडीचे रुग्ण एरवीपेक्षा अडीच पटीहून अधिक आले होते. ज्यांना आधीपासून हृदयाचा त्रास होता त्यांना धोका जास्त. म्हणून अँजिओप्लास्टी झालेल्यांनी आणि बी.पी. वाल्यांनी गोळी चुकवायची नाही, उपाशीपोटी बसायचे नाही, शेवटच्या ओव्हरला सिगारेट तर अजिबात नाही. छातीत दडपल्यासारखे झाले तर ‘एवढी ओव्हर होऊ दे’ म्हणायचे नाही. आणि आवाज पोटातून काढायचा, घसा ताणून नाही. ज्यांच्या डॉक्टरांनी मनाई केली आहे त्यांनी टाळ्या वाजवाव्यात, त्याही चालतात.

आता थोडे घरचे. हिला जाऊन चार वर्षे झाली. मुलगा, सून टोरांटोला. रविवारी व्हिडिओ कॉल असतो, पण तिथेही मी बरा आहे एवढेच सांगतो. त्या पहिल्या वर्षी असे कितीतरी दिवस गेले की दूधवाल्याला “एकच पिशवी” आणि लिफ्टमध्ये “तिसरा” याखेरीज माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. आवाज वापरला नाही तर तो गंजतो. फोनवर बोलताना मलाच तो परका वाटू लागला होता. संध्याकाळी खाली बाकावर बसायचो, कारण वर बसवत नव्हते. मुले क्रिकेट खेळायची. एकदा आपल्या बी विंगमधला तो चष्मेवाला मुलगा, आता बारावीला आहे, अर्ध्या खेळपट्टीवर उभा राहून विचारात पडला आणि माझ्या तोंडून निघून गेले, “अरे पळ! पळ की!” तो पळाला. रन झाली. सगळी मुले माझ्याकडे वळून बघायला लागली आणि त्यातल्या एकाने विचारले, “आजोबा, तुम्ही आमच्या टीममध्ये का?” मी म्हटले, हो. त्या रात्री मला झोप लागली. गोळी न घेता लागली, एवढेच सांगतो. तेव्हापासून मी रोज साडेपाचला ड्युटीवर असतो.

म्हणून कमिटीपुढे जो विषय येणार आहे त्यावर दोन शब्द. आवारात खेळ आणि आरडाओरडा पूर्ण बंद करावा असा अर्ज आला आहे. अर्जदारांची अडचण खोटी नाही. पहिल्या मजल्यावर एक आजी अंथरुणाला खिळून आहेत, आणि दहावीची मुले आहेत. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियमही आपल्याला लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५. पण पूर्ण बंदी हा त्याचा उपाय नाही. दुपारी दोन ते पाच कडक शांतता. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मोकळीक. लाउडस्पीकर, पिपाणी, फटाके नाहीत. ओरडायचे ते देवाने दिलेल्या गळ्याने. परीक्षेच्या महिन्यात खेळ मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी. आजींच्या सूनबाईंशी मी स्वतः बोललो आहे. त्या म्हणाल्या, “काका, संध्याकाळी पोरांचा आवाज आला की त्या विचारतात, कोण जिंकलं. दुपारी मात्र झोपू द्या.” गेटवरच्या पाटीवर ‘मोठ्याने ओरडू नये’ लिहिले आहे, तिथे वेळ घाला, एवढीच माझी सूचना. पेंटरचा खर्च मी देतो.

रविवारी पाच वाजता बी विंग विरुद्ध सी विंग, बायकांची रस्सीखेच साडेसहाला. ज्येष्ठांसाठी पहिल्या रांगेत वीस खुर्च्या राखून ठेवल्या आहेत, पाण्याची बाटली आपापली आणावी. कॅरमचा अंतिम सामना सोमवारी क्लब हाउसमध्ये आहे. तिथे मात्र कृपा करून कोणी ओरडू नका, स्ट्रायकर हलतो.