दाराची वीट



मागे गणपतीत मुंबईला लेकीकडे गेले. जिन्याचे जड दार सारखे आपोआप मिटे. आपली हमरापूरची मूर्ती आत न्यायची म्हणून मी त्याला वीट लावली, ती तशीच राहिली. जावईबापूंनी ती काढली. म्हणाले, "आई, आग लागली तर हे दार धूर अडवते, म्हणून जिना मोकळा राहतो."

मला लाज वाटली. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या आगीत १४ जीव गेले, बहुतेक गुदमरून.

अशा दाराला वीट नको, कुलूप नको. बिजागरी वा स्प्रिंग ढिली झाली तर लगेच दुरुस्ती हवी. आपल्या मूर्तींच्या कारखान्यांतही रंग, थिनर, पेंढा असतो. आज घरी गेल्यावर प्रत्येकीने पाहावे, बाहेर पडायची वाट मोकळी आहे ना?