कामाचे अंग आणि कमावलेले अंग

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कुणी शिकलेली बाई बोलते, आपण सतरंजीवर बसून ऐकतो आणि फराळ करून घरी जातो. यंदा कार्यकारिणीने माझे नाव पुढे केले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. तेव्हा बोलण्यात काही उणे-अधिक झाले तर आपलेपणाने पोटात घालावे.

माझा विषय ऐकून काहीजणी हसल्या. मुलींचे पळणे आणि व्यायाम यावर घरातल्या बाईने काय बोलावे? पण भगिनींनो, या विषयात मी ठेच खाऊन शिकले आहे, आणि ती ठेच माझ्या पायाला नाही, माझ्या मुलीच्या पायाला लागली. म्हणून बोलते.

आपल्या धानोऱ्यात आज घरोघरी एक तरी मुलगा किंवा मुलगी पोलीस भरतीची तयारी करते आहे. पहाटे मुरुमगावच्या रस्त्याला जाऊन पाहा, अंधारात पोरींच्या रांगा पळताना दिसतील. शिपाई भरतीत मुलींना 800 मीटर पळावे लागते, 100 मीटर पळावे लागते आणि 4 किलोचा गोळा फेकावा लागतो. मैदानाचे 50 गुण, त्यांतले निम्मे तरी मिळाले पाहिजेत, तेव्हा लेखी परीक्षेचा विचार. माझी धाकटी बारावी झाली आणि तिने हेच मनात घेतले. आम्हालाही आनंद झाला.

जाहिरात निघाली तेव्हा हातात दोन महिने होते. कुणाला विचारावे, शिकावे, असे आम्हा कुणाच्याच मनात आले नाही. तिचे वडील म्हणाले, "जंगलातली पोर आहे, हिला पळायला काय शिकवायचे?" मीही तेच म्हटले. लहानपणापासून पाणी भरते, मोळी आणते, मोहफुले वेचते, रोवण्यात दिवसभर वाकते. अंग तर कामाने तयारच आहे! तिने मोबाईलवर पाहून पळायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी डांबरी रस्त्यावर तीन किलोमीटर, आठव्या दिवशी सहा. घरी आली की भांडी, पाणी, आणि पुढे पाऊस लागला तसा बांधीत रोवणा. जेवायला मात्र सर्वांच्या मागून, माझ्याबरोबर, उरलेसुरले.

तिसऱ्या आठवड्यात नडगी दुखू लागली. मी तेल चोळून दिले आणि म्हणाले, "चार दिवस दुखेल, मग अंग बसेल." हे वाक्य माझेच, ते मी दुसऱ्या कुणाच्या माथी मारत नाही. महिन्याने एका सकाळी ती खाटेवरून उठली आणि म्हणाली, "आई, पाय खाली ठेववत नाही." दवाखान्यात फोटो काढला तर नडगीच्या हाडाला बारीक चीर. रक्त तपासले तर रक्त 8 ग्रॅम. डॉक्टरांनी दीड महिना पळणे बंद केले. भरतीच्या दिवशी तिच्या मैत्रिणी गाडीत बसून गडचिरोलीला गेल्या आणि माझी मुलगी ओट्यावर पाय पसरून बसली होती. तिने मला एक शब्दही टाकून बोलला नाही, त्याचेच मला अधिक लागले.

पुढे ओळखीच्या एका बाईंकडून एका मास्तरांचे नाव कळले. स्वतः पूर्वी धावणारे, आता चार-पाच मुलींना शिकवतात. मला वाटले, मास्तर शिटी वाजवतील आणि पोरी पळतील. पण पहिल्या दिवशी त्यांनी एक पाऊल पळू दिले नाही. मलाच समोर बसवून विचारले, "ताई, ही सकाळी काय खाते? रात्री किती वाजता निजते? पाळी वेळेवर येते का? सिकलसेलची तपासणी झाली आहे का?" माझ्याजवळ एकाही प्रश्नाचे धड उत्तर नव्हते. आई असून मला ठाऊक नव्हते की तिची पाळी तीन महिने आलीच नव्हती.

मास्तर म्हणाले, "अन्न कमी आणि मेहनत जास्त झाली की शरीर आधी पाळी बंद करते. हाडेही कच्ची पडू लागतात. पाळी थांबली तर ती लाज धरून लपवायची गोष्ट नाही, डॉक्टरांना सांगायची आहे." आपल्या भागात सिकलसेल पुष्कळ घरांत आहे. ज्याच्या रक्तात ते आहे त्याने उन्हात, पाणी न पिता, एकदम जिवापाड मेहनत केली तर जिवावर बेतू शकते. म्हणून पळण्याआधी तपासणी. ती सरकारी दवाखान्यात होते.

मग मी त्यांना माझ्या मनातले विचारले. कामाने तयार झालेले अंग असताना हा वेगळा व्यायाम कशाला? त्यांनी मलाच उलट विचारले, "ताई, तुम्ही पाण्याचा गुंड डोक्यावर घ्यायला कशा शिकलात?" मी म्हटले, आधी तांब्या, मग चरवी, मग लहान गुंड, आणि न्हाती-धुती झाल्यावर गुंडावर गुंड. "मग पोरीला पहिल्याच दिवशी गुंडावर गुंड का दिलात?" असे ते म्हणाले, आणि मी गप्प झाले.

त्यांनी जे समजावले ते मला समजले तसे सांगते. मेहनत करताना अंग वाढत नाही, उलट थोडे झिजते. ती झीज भरून निघते विश्रांतीत, झोपेत आणि अन्नातून, आणि भरताना शरीर पहिल्यापेक्षा थोडे जास्त भरून घेते. त्या थोड्या जास्तीवर पुन्हा थोडा भार द्यायचा. झीज भरायच्या आत पुन्हा पुन्हा भार दिला तर अंग खचते. त्यातही दम लवकर वाढतो, मांस त्याच्या मागून वाढते आणि हाड व शिरा सर्वांत सावकाश. म्हणून मुलीला वाटते, आता मला कितीही पळता येईल, आणि तेव्हाच हाड दगा देते. रोवण्यात दिवसभर कंबर एकाच तऱ्हेने वाकलेली असते. त्या कामाला माप नाही, चढती पायरी नाही आणि थकल्यावर थांबणेही नाही. त्याने सोशिकपणा येतो, पण पळण्याचा वेग किंवा गोळा फेकण्याचा जोर येत नाही. आपल्याकडे जुनी माणसे 'शरीर कमावणे' म्हणत, तो शब्द मला तेव्हा उमगला. पैसा जसा एका दिवसात कमावता येत नाही, तसे शरीरही नाही.

दीड महिना त्यांनी मुलींना मातीच्या मैदानावर थोडे चालणे, थोडे पळणे, एवढेच दिले. आठवड्यात दोन दिवस ताकदीचे. बैठका, ओट्यावर एका पायाने चढणे-उतरणे, उभ्याने टाचा उचलणे, पालथे होऊन कोपरांवर अंग तोलून धरणे. मग पाठीवर 5 किलो वाळूची पिशवी, पुढे 7 किलोची. एक दिवस कष्टाचा तर दुसरा हलका, आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि दर चौथ्या आठवड्याला सगळेच कमी. सुरुवातीला पाव तास अंग मोकळे करणे. गोळा तर मला हाताचा खेळ वाटत होता. त्यांनी दाखवले की जोर पायांतून आणि कमरेतून वर येतो, हात फक्त शेवटी लागतो.

काहीजणी म्हणतील, वजने उचलून पोरगी पुरुषी दिसेल. मणिपूरची मीराबाई चानू आठवा. लहानपणी तीही आपल्या पोरींसारखी सरपणाच्या मोळ्या वाहायची. 49 किलो वजनाच्या गटातल्या या मुलीने एप्रिल 2021 मध्ये ताश्कंदला 119 किलो डोक्यावर उचलून जागतिक विक्रम केला, म्हणजे एका क्विंटलहून 19 किलो जास्त! त्याच वर्षी टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये तिने रौप्यपदक घेतले. पण त्याआधी तिचा खांदा दुखत होता. नुसता सराव वाढवून ते भागले नाही. ती अमेरिकेत ॲरन हॉर्शिग नावाच्या जाणकाराकडे गेली आणि अंगाची कोणती बाजू कमकुवत आहे हे पाहून तिथून कामाला लागली. एवढ्या बलवान मुलीलासुद्धा दाखवणारा लागला.

आपल्या महाराष्ट्रातली कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची, डोंगरातल्या आदिवासी घरातली. डोंगराने तिला दम दिला हे खरे. पण नाशिकला विजेंद्र सिंह यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे मेहनत केली, तेव्हा 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये ब्राँझपदक आणि त्याच वर्षी चीनमधल्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळाले. आणि शेजारचा चंद्रपूर जिल्हा तर 1982 पर्यंत आपलाच जिल्हा होता. तिथल्या आश्रमशाळांची पाच मुले मे 2018 मध्ये एव्हरेस्टवर चढली, त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगी होती. तीही जंगलातलीच मुले. पण म्हणून त्यांना थेट डोंगरावर सोडले नाही. आधी निवड केली, मग दार्जिलिंग, लडाख अशा ठिकाणी नेऊन टप्प्याटप्प्याने तयार केले. जंगलात जन्मलो म्हणून सारे आपोआप येते, हे आपण आता बोलू नये. त्या बोलण्याने आपण आपल्या मुलींचा शिकण्याचा हक्क काढून घेतो.

आता माझ्या मुलीचे सांगते. वर्षभर मास्तरांच्या मापाने चालली. मी तिला सकाळी भिजवलेले चणे आणि गूळ-शेंगदाणे देऊ लागले, जेवणात वरण, हिरवी भाजी आणि लिंबाची फोड, जमेल तेव्हा अंडे किंवा बोडीतली मासोळी. जेवणाबरोबरचा चहा बंद केला, कारण चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या समोर उभी राहून घ्यायला लावल्या. रक्त 11 च्या वर गेले, पाळी सुरू झाली. पुढच्या भरतीत तिला मैदानात 50 पैकी 41 गुण मिळाले. लेखी परीक्षेत ती थोड्या गुणांनी मागे राहिली. म्हणजे अजून वर्दी अंगावर आलेली नाही. पण पाय शाबूत आहे, उमेद शाबूत आहे, आणि ती पुन्हा तयारीला लागली आहे.

भगिनींनो, मास्तर दिवसातून दीड तास शिकवतात. उरलेले साडेबावीस तास मुलगी आपल्या घरात असते. म्हणजे निम्म्याहून जास्त शिकवणी आपल्याच हातात आहे. म्हणून मंडळापुढे माझ्या तीन विनंत्या आहेत. एक, भरतीची किंवा खेळाची तयारी करणाऱ्या मुलीला घरात सर्वांबरोबर वाढावे, मागून नव्हे. दोन, कष्टाच्या सरावाच्या दिवशी तिच्या वाट्याचे पाणी आणि भांडी घरातल्या दुसऱ्या कुणी करावीत, त्यात मुलगेही आले, आणि तिला आठ तास निजू द्यावे. तीन, मंडळाने आपल्या शिलकीतून 4 किलोचा एक गोळा आणि दोन-चार दोऱ्या घ्याव्यात, आणि सराव सुरू करण्याआधी सगळ्या मुलींना एकत्र दवाखान्यात नेऊन रक्त आणि सिकलसेल तपासून घ्यावे. बरोबर जायला मी तयार आहे.

एखादी मुलगी दुखते म्हणाली तर माझ्यासारखे "अंग बसेल" म्हणू नका. त्या दिवशी तिला थांबवा.