हरकती आणि सूचना : आपण फक्त हरकतच का लिहितो?

लोकलमध्ये, बसमध्ये, नाहीतर भांडी घासता घासता ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत. आजचा विषय आहे महापालिकेचं फेरीवाला धोरण आणि त्यावर मागवल्या जाणाऱ्या 'हरकती व सूचना'. नाव ऐकूनच झोप आली ना? थांबा, आधी एक प्रश्न. रात्री साडेआठला ऑफिसमधून बाहेर पडल्यावर समोरची भुर्जीची गाडी जागेवर असेल की नसेल, हे कोण ठरवतं?

कागदोपत्री यात तुमचाही वाटा आहे. आणि तो वाटा आपण बहुतेक वेळा एकाच बाजूने वापरतो.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक तयार मेसेज फिरतो. 'फेरीवाले हटवा, खाली नाव आणि फ्लॅट नंबर टाका, पुढे पाठवा.' पन्नास-साठ नावं आरामात जमतात. त्याच ग्रुपवर संध्याकाळी कुणीतरी विचारतं, 'गेटवर भाजीवाल्या काकू आल्यात का?' आता महापालिकेकडे यातलं काय पोहोचतं? पहिला मेसेज. दुसरा नाही. मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून आमच्या भाषेत सांगतो : फक्त चिडलेल्या युजर्सचा फीडबॅक घेऊन प्रॉडक्ट बनवलं तर ते कसं बनेल, तसंच हे धोरण बनतं.

याचं खरंखुरं उदाहरण मुंबईत आहे. जानेवारी २०१८ मध्ये मुंबई महापालिकेने फेरीवाल्यांसाठी जागांची यादी प्रसिद्ध केली. १,३०० हून जास्त रस्ते, सुमारे ८५ हजार जागा. लोकांकडून हरकती व सूचना मागवल्या. 'आमच्या रस्त्यावर नको', 'आमच्या दारात नको' असा रहिवाशांचा आणि राजकीय पक्षांचा जोरदार विरोध झाला. पुढे यादी छाटत छाटत सुमारे ४०० रस्ते आणि ३० हजार जागांवर आली. म्हणजे लोकांच्या बोलण्याला वजन असतं. पण ज्यांची रोजीरोटी त्या यादीत होती, त्यांच्यातल्या किती जणांनी लेखी अर्ज केला असेल? पहाटे चारला मंडईत जाणारा माणूस महापालिकेच्या वेबसाइटवरची पीडीएफ कधी वाचणार?

आता कायदा काय म्हणतो ते बघू. पथविक्रेता कायदा, २०१४. अमलात आला १ मे २०१४ ला. त्यातल्या थोड्याच गोष्टी लक्षात ठेवा.

शहराने दर पाच वर्षांत किमान एकदा पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं. त्यात सापडलेल्यांना प्रमाणपत्र द्यायचं आणि विक्रीच्या जागांमध्ये सामावून घ्यायचं, लोकसंख्येच्या अडीच टक्के या मर्यादेपर्यंत. पुण्याचा हिशोब करू : २०११ च्या जनगणनेनुसार महापालिका हद्दीत ३१ लाख लोक, म्हणजे जवळपास ७८ हजार विक्रेते. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही हटवायचं नाही, असंही कायद्यात लिहिलंय. माल जप्त केला तर यादी द्यायची. नाशवंत माल त्याच दिवशी परत, बाकीचा मागणी केल्यावर दोन कामाच्या दिवसांत. गाडी उचलून ट्रकमध्ये टाकतात तेव्हा अशी यादी हातात देताना कुणाला पाहिलंय का तुम्ही?

आणि निर्णय कुणी घ्यायचे? त्यासाठी नगर पथविक्रेता समिती. अध्यक्ष आयुक्त, पण किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यातल्या एक तृतीयांश महिला. रहिवासी संघ, व्यापारी, वाहतूक पोलीस यांनाही तिथे जागा आहे. कल्पना छान आहे. पण मुंबईत या समितीची निवडणूक झाली ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे कायद्यानंतर दहा वर्षांनी. २०१४ च्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार अर्ज आले होते. मतदार यादीत होते सुमारे ३२ हजार. बाकीच्यांचं पोट काही दहा वर्षं थांबलं नव्हतं. ते विकतच होते, फक्त कागदावर नव्हते. आणि कागदावर नसलेल्या माणसाला कुणीही दम देऊ शकतं.

आता सगळ्यात कामाचा भाग. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 'ना-फेरीवाला क्षेत्र' कसं ठरवायचं याचे नियम आहेत. सर्वेक्षण आणि आराखडा झाल्याशिवाय असं क्षेत्र जाहीर करता येत नाही. सर्वेक्षणात नोंदलेला, आपोआप तयार झालेला नैसर्गिक बाजार ना-फेरीवाला क्षेत्र करता येत नाही. केवळ गर्दी होते हे कारण पुरत नाही. अस्वच्छतेचं कारण द्यायचं असेल तर ती फक्त विक्रेत्यांमुळेच होतेय आणि महापालिकेला काही केल्या सुटत नाही, असं असावं लागतं. म्हणजे आपल्या त्या फॉरवर्ड मेसेजमधली दोन मुख्य कारणं, गर्दी आणि घाण, जशीच्या तशी चालतच नाहीत!

याचा अर्थ रहिवाशांचा त्रास खोटा आहे का? अजिबात नाही. फुटपाथ पूर्ण अडला की व्हीलचेअरवाल्या आजोबांना रस्त्यावरून जावं लागतं. अ‍ॅम्ब्युलन्स अडकते. २०१७ मध्ये एल्फिन्स्टनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जीव गेले, त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. चालायला जागा हवीच. माझं म्हणणं एवढंच की त्रास नीट लिहा.

'अ‍ॅप चालत नाही' असा बग आला तर आम्ही काय करतो? बंद करून टाकतो. कुठे, कधी, काय झालं, काय व्हायला हवं होतं, हे लिहिलं तर दुरुस्त होतो. सूचनाही तशीच लिहा. पहिलं, जागा नेमकी सांगा : कोणता रस्ता, कोणत्या दुकानापासून कुठपर्यंत. दुसरं, वेळ सांगा : दिवसभर त्रास आहे की फक्त सहा ते नऊ? तिसरं, फुटपाथची रुंदी टेपने मोजा, फोटो जोडा. चौथं, उपाय लिहा : एका बाजूला पट्टे आखा, वेळ ठरवा, कचऱ्याचा डबा आणि नळ द्या. पाचवं, काय टिकायला हवं तेही लिहा. 'इथली भाजीची रांग आम्हाला हवी आहे' हे वाक्य लिहायला दहा सेकंद लागतात, पण फाइलमध्ये ते क्वचितच सापडतं. शेवटी, अर्जाची पोच घ्या.

आणि एक काम, ज्याला लॅपटॉपही लागत नाही. जाहीर सूचना निघाली की मुदत संपायच्या आत तिचा फोटो काढून तुमच्या रोजच्या चहावाल्या दादांना, फुलवाल्या मावशींना दाखवा. यादीत त्यांची जागा आहे का, ते शोधून द्या. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच नावाने लिहून द्या. आपलं मत त्यात घुसडू नका. कदाचित त्यांनाही ती जागा नको असेल, पलीकडची हवी असेल. त्यांना विचारल्याशिवाय ते कसं कळणार?

तुमच्या वॉर्डात अशी यादी आली असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात आपण एक सूचना मिळून लिहू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि सुट्टे पैसे जवळ ठेवा!