उमेदवारी एकाला, दखल सर्वांची

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचे शब्दांकन)



निवडणूक हरणे वेगळे आणि निवडणुकीपूर्वीच हरणे वेगळे. पहिल्या पराभवाचे आकडे निवडणूक आयोग प्रसिद्ध करतो; दुसऱ्याची नोंद कोठेच होत नाही. ज्याची उमेदवारी हुकली, त्याच्यासाठी वर्षानुवर्षे राबलेल्या कार्यकर्त्यांचे पुढे काय होते, हा आजचा विषय आहे.

त्यासाठी दूर जायला नको. आपल्या नगर लोकसभा मतदारसंघातून दिलीप गांधी १९९९ साली निवडून आले, पुढे केंद्रात राज्यमंत्री झाले. तरीही २००४ मध्ये भाजपने प्रा. ना. स. फरांदे यांना उभे केले. जागा राष्ट्रवादीच्या तुकाराम गडाखांकडे गेली. २००९ आणि २०१४ मध्ये गांधी पुन्हा उमेदवार झाले व विजयी झाले. २०१९ च्या मार्चमध्ये डॉ. सुजय विखे पाटील पक्षात आले आणि विद्यमान खासदाराऐवजी उमेदवारी त्यांना मिळाली. ते मोठ्या मताधिक्याने निवडून आले. २०२१ मध्ये गांधी कोरोनाने गेले. २०२४ मध्ये ही जागा पक्षाने गमावली. त्याची कारणे अनेक असतील, ती या विषयाला चिकटवण्याचे कारण नाही. उमेदवार बदलण्याचा पक्षाचा अधिकारही वादातीत आहे. प्रश्न एवढाच, की निर्णय योग्य ठरला म्हणून आधीच्या वीस वर्षांचे श्रम शून्य होतात काय?

आता दुसरी बाजू पाहा. २००९ मध्ये याच मतदारसंघात राष्ट्रवादीने शिवाजी कर्डिले यांना उमेदवारी दिली. राजीव राजळे अपक्ष उभे राहिले आणि त्यांनी दीड लाखांवर मते घेतली. गांधींचे मताधिक्य पन्नास हजारांच्या आतच होते. पुढच्या, २०१४ च्या निवडणुकीत राष्ट्रवादीने राजळे यांनाच उमेदवारी दिली!

यातून सामान्य कार्यकर्ता कोणता धडा घेईल? बंड केले की दखल, शिस्त पाळली की विस्मरण. हा धडा एकदा मनात रुजला, की कोणतेही संघटन आतून पोखरले जाते.

अमेरिकेत उमेदवार पक्षांतर्गत मतदानाने ठरतो. २००८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षात हिलरी क्लिंटन ओबामांकडून पराभूत झाल्या. त्यांच्या समर्थकांचा आग्रह होता, की अधिवेशनात त्यांचेही नाव मांडले जावे आणि त्यांना मिळालेली मते मोजली जावीत. पक्षाने ते मान्य केले. डेन्व्हरच्या अधिवेशनात राज्यवार मतनोंदणी सुरू झाली आणि ती मध्येच थांबवून ओबामांना एकमुखाने उमेदवार घोषित करावे, हा प्रस्ताव स्वतः क्लिंटन यांनीच मांडला. आधी नोंद झाली, मग मनोमीलन झाले. हा क्रम महत्त्वाचा आहे.

आपल्याकडे असे मतदान अपवादानेच होते. काँग्रेसने २०१४ मध्ये वर्धा, लातूर अशा मोजक्या ठिकाणी तो प्रयोग केला. पण मतदान नसले तरी रीत असू शकते. उमेदवारी नाकारल्याचे जबाबदार पदाधिकाऱ्याने घरी जाऊन सांगावे; ते वर्तमानपत्रातून कळू नये. प्रचाराच्या पहिल्या बैठकीत त्या गटातील कार्यकर्त्यांना नावानिशी कामे वाटावीत. निकालानंतर आभाराच्या यादीत त्यांची नावे असावीत. याला पैसा लागत नाही, मन लागते.

आणि कार्यकर्त्यांसाठीही एक कठोर गोष्ट. दखल म्हणजे महामंडळ नव्हे. आपण नेत्यासाठी राबलो की कार्यासाठी, हे ज्याचे त्याने स्वतःला विचारावे. ज्याचे उत्तर 'कार्यासाठी' असे येईल, त्याने न रुसता, न घाबरता, बैठकीत उभे राहून आपले म्हणणे मांडावे. ते शिस्तीला सोडून नाही. बैठकीत बोलता आले नाही, की माणसे चौकात बोलू लागतात.

गादीवर एकच बसतो. पालखीला मात्र अनेक खांदे लागतात. खांदा बदलताना आधीच्याकडे वळून पाहणे, एवढेच आपल्याला करायचे आहे.