जुनी वर्तमानपत्रे आणि आपण बायका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही बोलणारी बाई नव्हे. शिक्षण सातवीपर्यंतचे. पण गेल्या महिन्यात कार्यवाहबाई म्हणाल्या, "दुपारी जेवणे उरकली की तुम्ही मोबाईलमध्ये डोके घालून बसता. काय करता ते एकदा सर्वांना सांगा. मालिका पाहता असे बाया म्हणतात." तेव्हा खुलासा करणे भाग पडले. मी मालिका पाहत नाही. मी जुन्या छापील पानांतली अक्षरे दुरुस्त करते. त्याचे पैसे मिळत नाहीत, आणि मागितलेलेही नाहीत.

आधी एक घरचीच गोष्ट सांगते. माझ्या आईच्या कागदावर तिच्या नावातल्या 'भ'चा 'म' झाला होता. कोणी केला, कधी केला, देव जाणे. म्हातारपणी तिला मिळायचे पैसे त्या एका अक्षरापायी अडले. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत, तिथून पुन्हा पहिलीत, असे आम्ही अकरा महिने हेलपाटे घातले. आई म्हणायची, "अगं, मी इथे जिवंत उभी आहे आणि हे म्हणतात, ही तू नव्हेस." आपल्यातल्या किती जणींच्या रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर असा घोळ झाला आहे, ते मी विचारत नाही. हात वर करायला लावले तर सभा तिथेच संपेल!

आता जुन्या वर्तमानपत्रांकडे येते. मराठीतले पहिले वर्तमानपत्र 'दर्पण'. ते बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केले. पुढे १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढले. आपल्या महाड तालुक्यातल्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर त्यात लिहीत असत. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, आणि पुढच्या दोनच आठवड्यांत, ३ एप्रिलला, त्यांचे 'बहिष्कृत भारत' निघाले. म्हणजे आपल्या मुलुखाची गोष्ट वर्तमानपत्रांत आहे. पण तो कागद जुना झाला की पिवळा पडतो, कडा तुटतात, वाळवी लागते. म्हणून ग्रंथालये अशा पानांचे फोटो काढून संगणकात ठेवतात.

पण नुसता फोटो मुका असतो. त्यात 'महाड' हा शब्द कुठे आहे, असे विचारले तर तो सांगू शकत नाही. मग यंत्राकडून ते पान वाचून घेतात. यंत्र एकेका अक्षराचा आकार पाहते आणि हे अमुक असावे असे ठरवते. नव्या स्वच्छ छपाईत त्याला बरे जमते. जुन्या छपाईत शाई पसरलेली, खिळे झिजलेले, मागच्या पानाची अक्षरे पुढे उमटलेली. त्यातून आपली देवनागरी! वरच्या रेघेने सगळी अक्षरे एकमेकींचा हात धरून उभी. यंत्र 'घर'चे 'धर' करते, 'भाऊ'चा 'माऊ' करते. 'ड' आणि 'इ' त्याला सारखेच, म्हणून 'महाड'चे 'महाइ'. 'ख'चे तर हमखास 'रव' होते. मी पहिल्याच आठवड्यात 'दोन रवंडी भात' असे वाचले आणि विचारात पडले. सासूबाई शेजारी भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "खंडी गं! वीस मणांची खंडी." यंत्राला जे कळले नाही ते माझ्या सासूबाईंनी जागच्या जागी सांगितले, आणि त्या तर शाळेत कधी गेल्याच नाहीत.

आता यात बिघडले काय, असे कोणी म्हणेल. बिघडते असे, की उद्या आपल्या गावचे एखादे पोर 'महाड' शब्द घालून शोधू लागले, तर जिथे 'महाइ' झाले आहे ते पान त्याला दिसणारच नाही. पान आहे, बातमी आहे, माणसाचे नाव आहे, पण शोधणाऱ्याच्या लेखी काही नाही. माझ्या आईसारखेच. जिवंत उभी, आणि कागद म्हणतो ही तू नव्हेस.

ही अडचण सर्व जगाची आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १८०३ सालापासूनची वर्तमानपत्रे अशी संगणकात घातली. यंत्राच्या चुका सुधारायला पगारी माणसे किती ठेवणार? म्हणून त्यांनी २००८ साली वाचकांनाच सांगितले, की चूक दिसली तर तुम्हीच सुधारा. फारशी जाहिरातही केली नव्हती, तरी लोक आपणहून येऊन सुधारू लागले. कोणी आपल्या खापरपणज्याचे नाव शोधत आला आणि वाटेतल्या दहा परक्या माणसांची नावे नीट करून गेला. 'ट्रोव्ह' नावाच्या त्यांच्या त्या भांडारात वर्तमानपत्रांची दोन कोटींहून अधिक पाने आहेत, आणि लोकांनी फुकट, घरी बसून, कोट्यवधी ओळी सुधारल्या आहेत.

आपल्या मराठीत याच जातीचे काम 'विकिस्रोत' येथे चालते. विकिपीडिया आपल्या मुलांना ठाऊक आहे, त्याचेच हे भावंड. तिथे मुख्यतः जुने ग्रंथ असतात. ज्यांच्या लेखकांना जाऊन साठ वर्षे उलटली, म्हणजे ज्यांवर कोणाचा हक्क उरला नाही, असे. माझी थोरली मुलगी महाडला कॉलेजात होती तेव्हा तिने हे काम घेतले. तिचा अभ्यास वाढला आणि तिने ते माझ्या गळ्यात घातले. पुढे तिचे लग्न झाले, ती सासरी गेली, आणि काम माझ्याकडे राहिले ते राहिलेच.

रीत सोपी आहे. एका बाजूला जुन्या पानाचा फोटो, दुसऱ्या बाजूला यंत्राने वाचलेला मजकूर. दोन्ही ओळीओळीने ताडून पाहायचे आणि चूक सुधारायची. तांदूळ निवडण्यासारखे आहे. घाई केली की खडा राहतो आणि तो नेमका पाहुण्याच्या दाताखाली येतो. न तपासलेल्या पानाला लाल खूण असते. एकीने तपासले की पिवळी. मग दुसऱ्या कोणी पुन्हा तपासले की हिरवी. जिने पिवळी केली तिलाच हिरवी करता येत नाही. आपल्या मंडळात हिशेब खजिनदार लिहितात आणि तपासतात दुसऱ्या, तसेच हे. कोणावर अविश्वास नाही, पण आपली चूक आपल्याला दिसत नाही.

माझी चूक मलाही दिसली नव्हती. ती सांगते, कारण त्यातूनच मला हे काम कळले. जुन्या पुस्तकांत 'केलें', 'त्यानें', 'कांहीं', 'नांव' असे टिंब देऊन लिहीत. आपण शाळेत शिकलो ते नियम १९६२ सालचे, त्यांनी ही न बोलली जाणारी टिंबे काढून टाकली. मला वाटले, हे शाईचे डाग असतील, नाहीतर जुन्या लोकांच्या चुका असतील. मी चौदा पानांची टिंबे झाडून काढली आणि मोठ्या समाधानाने झोपले. दोन दिवसांनी पाहते तो, कोणी अनोळखी माणसाने सगळी टिंबे परत घातलेली! खाली नम्रपणे लिहिले होते, की जसे छापले तसेच ठेवावे.

मला राग आला. सातवीत शुद्धलेखनात मी पहिली येत असे. मग मी ती पाने पुन्हा उघडली. त्यात एके ठिकाणी 'नांव' होते आणि चार ओळी खाली 'नाव' होते. वर टिंब असलेले नांव म्हणजे माणसाचे, आणि बिनटिंबाची नाव म्हणजे खाडीतून चालते ती. लिहिणाऱ्याने विचार करून लिहिले होते. मी शहाणपणाने टिंब काढले आणि माणसाच्या नावाची होडी केली! बायांनो, त्या दिवशी मला लाज वाटली. आईच्या नावाचे अक्षर ज्याने बदलले, त्यालाही तेव्हा असेच वाटले असेल, की आपण बरोबरच लिहितो आहोत.

तेव्हापासून मी एक नेम धरला आहे. यंत्राची चूक असेल ती सुधारायची. पण छापणाऱ्याने जे छापले त्यावर आपला हात फिरवायचा नाही. मग ते जुने असो, आपल्याला न आवडणारे असो, बायकांविषयी वेडेवाकडे लिहिलेले असो. असे लिहिलेले पुष्कळ वाचावे लागते आणि हात शिवशिवतात. परंतु ते गोड करून ठेवले, तर आपल्या नातींना कसे कळणार की आज्या कशातून वर आल्या?

आता शेवटचे. माझे माहेर महाडच्या बाजारातले. २२ जुलै २०२१ च्या पुरात घरात पाणी चढले ते तुम्हाला ठाऊकच आहे. भांडी धुऊन निघाली, कपडे निघाले. पण माळ्याखालच्या पेटीत आजोबांचे कागद होते, त्यांचा चिखल झाला. त्यात वर्तमानपत्राचे एक कात्रण होते. रस्त्याच्या श्रमदानात जी मंडळी होती त्यांची नावे त्यात छापली होती, आणि शेवटून तिसरे नाव आजोबांचे होते. आजी ते दर दिवाळीला काढून आम्हाला दाखवीत असे. वर्तमानपत्र कोणते, साल कोणते, हे विचारावे असे आम्हा पोरांना कधी सुचले नाही. आता आजी नाही आणि कात्रणही नाही.

त्या अंकाची दुसरी प्रत कुठेतरी एखाद्या ग्रंथालयात पडून असेलही. कधी कोणी तिचा फोटो काढील, यंत्र ते वाचील, आणि आजोबांच्या नावाचे काहीतरी भलतेच करील. तिथे जर एखादी बाई बसली असेल आणि तिने ते अक्षर नीट केले, तर मला आजोबा सापडतील. माझ्या हयातीत होईल असे मी धरून चालत नाही. पण तोवर दुसऱ्या कोणाचे आजोबा माझ्या हाती आले, तर त्यांचे नाव मी चुकू देणार नाही.

मंडळापुढे माझी दोनच मागणी आहेत. एक म्हणजे, आठवड्यातून एक दुपार चारपाच जणींनी माझ्याकडे बसावे. ज्यांना वाचता येते त्यांनी वाचावे. ज्यांना येत नाही त्या म्हाताऱ्या बायांनी तर अवश्य यावे. पायली, कुडव, रुपये-आणे लिहायच्या जुन्या खुणा, शेतीची अवजारे, दागिन्यांची नावे, हे आता त्यांनाच ठाऊक आहे. दुसरी मागणी, आपल्या मंडळाच्या इतिवृत्ताच्या वह्या पावसाळ्यापूर्वी कपाटातून काढून पानन् पानाचे फोटो घ्यावेत. आपली नावेही त्यातच आहेत.

"मी फक्त सातवी शिकले, मला काय जमणार," असे कोणी म्हणू नये. इथे पदवी लागत नाही. डोळे लागतात, धीर लागतो, आणि दुसऱ्याच्या लिहिण्याचा मान ठेवावा लागतो. या तिन्ही गोष्टी बायकांपाशी आहेत.

बोलण्यात काही कमीजास्त झाले असेल तर सांभाळून घ्यावे. आणि हे भाषण स्मरणिकेत छापणार असाल, तर छापण्यापूर्वी दोघींनी तपासावे, एवढे सांगून मी आपली रजा घेते. जय हिंद, जय महाराष्ट्र.